गूळ कमी आहे

बाबा,

मायचं ठीक आहे. सगळ्यात आधी हेच लिहिते, कारण तुम्हीही घरी आलात की चपला काढायच्या आधी हेच विचारायचात. छात्रावासात स्वयंपाक करून, पोरांची सकाळची पंगत उरकून तुम्ही यायचात, सायकल भिंतीला टेकवता टेकवताच हाक यायची, "तुही माय जेवली काय व?" आम्ही पोरं जेवलो की उपाशी आहोत ही चौकशी मागाहून, आणि तीही आठवली तर. आतून मायचं उत्तर यायचं, "जेवली जी." पुष्कळदा ती जेवलेली नसायची. लहानपणी मला या प्रश्नाचा फार राग यायचा. आता नगरपालिकेतून घरी येते तेव्हा मीच फाटकातून शेजारच्या काकूंना तो विचारते. त्या दिवसभर मायजवळ बसतात. त्या नुसती मान हलवतात, आणि ती मान कशी हलली यावर माझी संध्याकाळ ठरते.

तुम्ही गेल्यावर इकडे बरंच बदललं. आपलं सौंसर आता पांढुर्णा जिल्ह्यात आहे, छिंदवाड्याच्या चकरा संपल्या. हे ऐकून तुम्ही नक्की म्हणाला असतात, "मंग काय, संत्र्याले भाव जास्ती भेटून राह्यला काय?" दादा नागपुरातच आहे, त्याची मुलं मोठी झाली. माझं लग्न झालं नाही ते झालंच नाही. त्याचं मला आता वाईट वाटत नाही, तुम्हाला वाटायचं तेवढं तर कधीच वाटलं नव्हतं. मी नळाच्या कराच्या खिडकीवर बसते, लोक माझ्यावर ओरडतात, मी लोकांवर ओरडते, दिवस जातो. ओट्याच्या वरच्या फळीवर तुमचा मिक्सर मात्र होता तसाच होता. रिटायर झाल्यावर तुम्ही तो पांढुर्ण्याहून मांडीवर धरून बसमधून आणला होता. मायनं एकदाच लावून पाहिला, "विमान उतरून राह्यलं काय घरात?" म्हणाली आणि पुन्हा पाट्यावर जाऊन बसली. तो मिक्सर मी या दिवाळीनंतर खाली काढला. त्याचंच सांगायचं आहे.

मायला आता माणसं कळत नाहीत. मला ती कधी तिची बहीण समजते, कधी विचारते, "तू कोनाची व?" त्याची मला सवय झाली. पण गेल्या पावसाळ्यापासून तिचं खाणं सुटलं. आधी भाकरी सुटली, मग भात, मग पेज. ओठ असे घट्ट मिटून घेते की चमचा दातांवर वाजतो. जबरदस्ती केली तर घास गालात धरून ठेवते आणि आपण वळलो की उशीवर काढून टाकते. दादा तिला नागपूरला घेऊन गेला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी टाकावी लागेल. दादा तयार आहे. फोनवर म्हणतो, "मले चांगलं वाटते काय? पन उपाशी मरू द्याची काय तिले?" तो चुकीचं बोलत नाही, हीच तर अडचण आहे. पण मी आपल्या गल्लीतली एक म्हातारी पाहिली आहे नळी टाकलेली. ती नळी ओढून काढायची, म्हणून तिचे हात फडक्यानं खाटेला बांधून ठेवायचे. मायचे हात बांधलेले मला बघवणार नाहीत, बाबा. मी दादाला म्हटलं, मला थोडे दिवस दे, मी खाऊ घालते तिला. तो म्हणाला, घे, पण मी वजन करायला येईन.

डॉक्टरांनी ताकदीच्या पावडरचा डबा दिला होता, दुधात कालवून द्यायला. मी दूध तापवलं आणि पेला घेऊन मायजवळ गेले. पेला अजून हातभर लांब होता तेव्हाच तिनं तोंड फिरवलं. नाकाला पदर लावला आणि भिंतीकडे सरकत गेली. मी तिथेच उभी राहिले. तिला तुमचं नाव आठवत नाही, माझं आठवत नाही, पोटात आपण किती पोरं वागवली तेही ती सांगू शकणार नाही. पण दुधाचा वास तिला आठवतो. लहाना गेला तेव्हापासून तिनं कधी घरात दूध तापू दिलं नव्हतं, हे मीच विसरून गेले होते. इतकी वर्षं आपल्या घरी कोरा चहा होतो तो कशामुळे, हेही माझ्या मनातून गेलं होतं. सवय झाली की कारण कोण लक्षात ठेवतो.

लहाना गेला तेव्हा मी तिसरीत होते. अंगावर पिणारं पोर, रांगायला लागलं होतं. भर वैशाखात त्याचं पोट गेलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत ते चिंधीसारखं झालं होतं. तुम्ही त्याला परत आणलंत ते तुमच्या उपरण्यात. त्यानंतरच्या दिवसांत मायचं दूध येतच राहिलं. पोर नाही आणि दूध येतं आहे. तिचं पोलकं सारखं ओलं व्हायचं, म्हाताऱ्या बाया तिला घट्ट फडकं बांधायच्या आणि मला बाहेर घालवायच्या. मला काही कळत नव्हतं, मला वाटायचं मायला लागलं आहे कुठे. मग कुणी चहाला दूध तापवलं की ती उठून अंगणात जायची, ऐन उन्हात भिंतीशी बसायची, वास जाईपर्यंत आत यायची नाही. तुम्ही गवळ्याला बंद केलंत. बुद्धपौर्णिमेला विहारातून खिरीचा द्रोण आला तर ती तो कपाळाला लावायची आणि तुमच्या हातात द्यायची. आणि तिनं जेवण सोडलं. रडायची नाही, भांडायची नाही, नुसतं "भूक नाई" म्हणायची. बायांनी आमच्या शपथा घातल्या, तिच्या आईनं येऊन पाय धरले. ती म्हणायची, खाते मंग, आणि ताटाला हात लावायची नाही.

त्या दिवसांतलीच एक सकाळ मला दिसते आहे. तुम्ही स्वयंपाकघरात पाट्यासमोर बसला आहात, शेजारी भिजलेल्या शेंगदाण्यांचा गंज आहे. कच्चे दाणे. भाजले की त्यांची चटणी होते, दूध होत नाही, असं तुम्ही मला सांगता आहात. मग त्याच पाण्यात दोन्ही हातांनी दाणे चोळता, लाल सालं वर तरंगतात, ती ओतून देता, पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं, दाणे पांढरेधोप होईपर्यंत. मग पाण्याचा शिंतोडा मारत मारत वाटता. मायच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात तो गोळा बांधून पिळता, तेव्हा तुमच्या बोटांतून खाली खरंच दूध पडतं. शेजारची बाई दारातून पाहून हसली, "बायको बसली अन् नवरा वाटून राह्यला!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "छात्रावासात पोट्ट्यायसाठी वाटतो, घरी वाटलं त काय हात झिजतात?" मग मंद आच, कच्चा वास जाईपर्यंत पळी थांबवायची नाही. आणि गूळ सगळ्यात शेवटी, गंज खाली उतरवून जरा निवल्यावर. उरलेल्या चोथ्यात कांदा-मिरची परतून तुम्ही आम्हाला भाकरीबरोबर दिला. तो मला अजून आवडतो.

पण दूध करणं सोपं होतं, मायचं तोंड उघडणं अवघड. तुम्ही तिला "पी" म्हणाला नाहीत. गंज आणि पळी घेऊन तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "पाह्य बरं, झालं काय हे? माही जीभ तं गेली त्या टायफाइडात. मीठ का साखर, काईच समजत नाई मले." मायनं तिकडे पाहिलंही नाही, तुम्ही पळी तशीच धरून. मग म्हणालात, "नाई सांगत त राहू दे. फेकून देतो सारं." तेव्हा तिनं पळीला ओठ लावले, जीभ टाळ्याला लावली आणि किती दिवसांनी तीन शब्द बोलली. "गूळ कमी आहे." तुम्ही धावत गेलात, गूळ किसून आणला, घातला, ढवळला, पुन्हा पळी पुढे. "आता?" "आता जरासा." "आता?" असं करता करता अर्धा पेला तिच्या पोटात गेला. उरलेला अर्धा तुम्ही प्यायलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही दोघं पोरं दारात उभी राहून पाहायचो आणि मला तुमची कीव यायची, की माझ्या बाबांना बिचाऱ्यांना गोडही कळत नाही.

त्यातच एकदा मी शहाणपणा केला. तुम्ही बाहेर पाणी भरत होतात, गंज आचेवर होता, माझ्या मनात आलं की आज गूळ मीच घालते, म्हणजे मायला सांगावं लागणार नाही. मूठभर गूळ उकळत्या दुधात टाकला. पाहता पाहता त्याचं पाणी वेगळं आणि गोळे वेगळे. तुम्ही आत आलात आणि असे ओरडलात की मी कोपऱ्यात जाऊन बसले. "घाई झाली होती काय तुले? काय पाजू आता मी मायले? तुह्यं डोस्कं?" मी रडते आहे, तुम्ही गंजाकडे पाहत उभे आहात, आणि मागून आवाज येतो. माय दाराला धरून उभी होती. गंजात डोकावून म्हणाली, "फाटलं जी. तुमच्या पोरीनं पनीर करून ठेवलं." आणि हसली. तुम्ही एक गोळा तोंडात टाकलात, चावलात आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "मले तं चांगलंच लागून राह्यलं." त्यावर ती आणखी हसली, मग हसता हसता खाली बसली आणि लहाना गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. त्या गोळ्यांवर मीठ-तिखट घालून आपण चौघांनी ते खाल्लं. त्यानंतर ती हळूहळू जेवायला लागली. दाण्याचं दूध मात्र तुम्ही करतच राहिलात, रिटायर झाल्यावरही, आणि दर वेळी त्यात काहीतरी कमीच असायचं.

तर या दिवाळीनंतर मी मिक्सर खाली काढला. बाजारातून नवे दाणे आणले, तुम्ही करायचात तसंच सगळं केलं. मिक्सरनं काम लवकर होतं, पिळायला मात्र हातच लागतात. दूध चांगलं झालं होतं, मी स्वतः चाखून पाहिलं, गूळ मापात होता. पेला घेऊन मायजवळ बसले आणि म्हटलं, "पी माय, ताकद येईल." ओठ बंद. "दाण्याचं आहे, दुधाचं नाही." ओठ बंद. चमच्यानं लावून पाहिलं, गाणं म्हणून पाहिलं, रागावून पाहिलं. रोज करत होते आणि रोज ओतून देत होते. काकू म्हणाल्या, "काऊन जीव जाळतं व पोरी? तिले नाई लागत आता." मी त्यांनाही काहीबाही बोलले. दादाचा फोन आला की खोटंच सांगायचे, थोडं थोडं घेते म्हणून.

मग मला सर्दी झाली, नाक-डोकं गच्च. दूध केलं, चाखलं, आणि खरोखरच काही कळेना, गोड आहे की फिकं. मायसमोर पेला घेऊन बसले तेव्हा मी थकले होते, तिला पाजायचं मनातही नव्हतं. नुसतं तोंडातून गेलं, "पाह्य व माय, झालं काय हे? मले तं काईच समजून नाई राह्यलं." बाबा, तिनं मान वळवली. माझ्याकडे नाही, पेल्याकडे पाहिलं. हात पुढे केला, माझ्या हातासकट पेला ओढला, एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली. आणि म्हणाली, "गूळ कमी आहे. हात आखडता काऊन घेतला?" मी उठताना पाटाला ठेचकाळले. गूळ आणला, घातला, पुन्हा पेला पुढे. "आता?" "आता जरासा." तो सगळा पेला ती प्यायली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

त्या दिवसापासून मी तिला चांगलं दूध दिलं नाही. रोज काहीतरी बिघडवते. कधी गूळ कमी, कधी पाणी जास्त, कधी आचेवरून लवकर काढायचं म्हणजे दाण्याचा कच्चा वास राहतो. एकदा पळी थांबवून बुडाला लागू दिलं, तर त्या दिवशी ती किती खूश झाली म्हणून सांगू. "लागलं! ध्यान कुठी राह्यते तुह्यं?" ती चूक धरते, मी दुरुस्त करते, ती पुन्हा चाखते, तेवढ्यात पेला रिकामा होतो. अंगावर थोडं मांस आलं. दादा आला, वजन केलं आणि नळीचं नाव न काढता परत गेला. हळूहळू ती मला वेगळीच हाक मारायला लागली. पेला हातात घेऊन म्हणाली, "इतक्या दिसाचे करता, तुमाले इतकंबी समजत नाई काय जी?" मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "नाई व, माही जीभ तं गेली टायफाइडात." ती समाधानानं मान हलवत म्हणाली, "हो, ते तं आहेच."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला तुमचा छात्रावास आठवला. लहानपणी एकदा तुम्ही चष्मा घरी विसरला होतात, मायनं मला तो द्यायला पाठवलं होतं. तुम्ही त्या मोठ्या गंजासमोर घामाघूम उभे होतात. पळीतल्या वरणाचा थेंब तळहातावर घेतलात, जिभेनं टिपलात, डोळे मिटलेत, आणि चिमूटभर मीठ घातलंत. पुन्हा थेंब. मग मान हलवलीत. अख्खा छात्रावास जेवायचा तुमच्या हातचं, आणि त्या वरणात कधी मीठ जास्त झालं अशी तक्रार आली नव्हती. मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. चष्मा देऊन घरी आले आणि माझ्या बाबांना चव कळत नाही हेच धरून बसले. इतकी वर्षं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी पडून होत्या. मला आधी हसू आलं, मग तुमचा राग आला. मलाही फसवलंत. मी शाळेत मैत्रिणींना सांगायचे, आमच्या बाबांना साखर न घालताही चहा चालतो.

मला वाटलं, हे फक्त मलाच कळलं आहे, मायला कधी कळलं नसेल. मग एका दुपारी तिला अंगणात उन्हाला बसवलं होतं. पेला तिच्या हातात, अर्धा संपलेला. ती एकदम म्हणाली, "एक सांगू काय जी?" मी म्हटलं, सांग. "तुमची जीभ काई गेली-बिली नव्हती." ती उन्हाकडे डोळे बारीक करून बोलत होती. "मले पयल्या दिसापासून माईत आहे. टायफाइड तं माह्या भावाले झाला होता." मी विचारलं, "मंग बोलली काऊन नाई?" आवाज तुमच्यासारखा काढावा लागला नाही, आपोआपच घोगरा झाला होता. "बोलली असती तं तुमी करनं बंद केलं असतं." पेल्यात पाहत म्हणाली, "अन् तुमीबी कुठी जेवत होते तवा? लेकरू तं तुमचंबी गेलं होतं. मी अर्धं ठेवलं म्हनून तुमी पेत होते." मग तिनं पेला माझ्यापुढे केला आणि मी तो प्यायले. बाबा, तुम्ही जेवत नव्हतात हे आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं. सगळे मायकडे पाहत होतो. तुम्ही स्वयंपाकी, तुम्हाला कोण विचारणार जेवलात का म्हणून.

त्यानंतर बरे दिवस फार राहिले नाहीत. थंडी वाढली तशी माय पुन्हा उतरायला लागली. पेला अर्धा राहायला लागला, मग पाऊण राहायला लागला. चुका कमी धरायला लागली. मी मोठ्या चुका करायला लागले. पाणीच जास्त घालायचे, गूळ नावाला टाकायचे, आणि ती थोडा वेळ जीभ फिरवून विचार करायची आणि "जरासा" म्हणायची. काकू आता पुष्कळदा मानही हलवत नाहीत, मी फाटकात दिसले की आपली पिशवी उचलून उठतात. मीही फारसं जेवत नाही. एकटीसाठी पोळ्या लाटायचा कंटाळा येतो, असं मी म्हणते.

आज मी दुधात गूळ घातलाच नाही. एक खडाही नाही. म्हटलं, एवढी मोठी चूक तरी तिच्या लक्षात येईल, रागावेल, दोन घोट जास्त घेईल. पेला तिच्या ओठाला लावला. "पाह्य बरं, झालं काय?" तिनं घोट घेतला. जीभ टाळ्याला लावली. मी तिच्या तोंडाकडे पाहत बसले होते, परीक्षेला बसल्यासारखी. मग म्हणाली, "झालं जी. आता बरोबर झालं." मी म्हटलं, नीट पाह्य, गूळ कमी नाही काय? "नाई. बिलकुल बरोबर आहे. इतके वर्स लागले तुमाले." आणि पेला हळूच माझ्याकडे सरकवून म्हणाली, "आता तुमी प्या." मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

मी ते दूध प्यायले. सगळं. फिकं होतं बाबा, पांढरं पाणी नुसतं. तिची जीभच गेली आता, की मी जेवत नाही हे तिला दिसलं, मला कळत नाही. तुम्ही असतात तर तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं असतं. मी पुन्हा पुन्हा तिच्यापाशी जाऊन आले. ती जागी होती, पण पुन्हा ओठ उघडले नाहीत. तिचे हात चादरीवर पडले होते, मी ते हातात घेऊन बसले, मोकळे आहेत तोपर्यंत. मग दादाला फोन केला. तो उद्या गाडी घेऊन येतो आहे. नळीचं काय करायचं ते आम्ही दोघं बहीणभाऊ ठरवू. यावेळी मी वेळ मागणार नाही, आणि तोही नळीला चटकन हो म्हणणार नाही, असं त्याच्या आवाजावरून वाटलं.

हे पत्र मी कुठे पाठवणार. मिक्सरच्या जुन्या जागी, वरच्या फळीवर ठेवून देते, तिथे कुणी हात लावत नाही. वर पहिल्याच ओळीत मायचं ठीक आहे असं लिहिलं, ते खरं नाही. खोडणार होते, मग खोडलं नाही. तुमच्या चपला अजून पायात असणार, आणि त्या निघायच्या आत आपल्या घरी आतून नेहमी तेच सांगितलं आहे, जेवली जी.